दोन मिनिटांचे विमान आणि तीन वर्षांची मुदत

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधला विमानप्रवास हा जगातील सर्वांत छोटा नियमित विमानप्रवास म्हणून ओळखला जातो. अंतर अवघे २.७ किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच याहून लांब आहे. वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटे दिलेली आहेत. वारा पाठीशी असला तर तेवढीही लागत नाहीत. स्टुअर्ट लिंकलेटर नावाच्या वैमानिकाने हे अंतर एकदा त्रेपन्न सेकंदांत कापल्याची नोंद आहे. आपल्याकडील वृत्तपत्रांत अशा बातम्या ‘आश्चर्य’ या सदरात येतात आणि वाचक पान उलटतो. आम्हांस मात्र या दोन मिनिटांमागे आश्चर्यापेक्षा अर्थशास्त्र अधिक दिसते, आणि आपल्या चळवळीने त्याचा विचार करावा असे वाटते.

काही वर्षांपूर्वी अ‍ॅबर्डीन येथे नोकरीस असलेल्या पुतण्याकडे जाण्याचा योग आला, तेव्हा प्रस्तुत लेखकाने हट्टाने हा प्रवास केला. ऑर्कनीचे मुख्य गाव कर्कवॉल. तेथून सुटणारे ‘आयलंडर’ जातीचे विमान दुरून पाहिले तर आपल्याकडील वडापच्या गाडीला पंख लावल्यासारखे वाटते. दोन पंखे, एक वैमानिक, आठ उतारू. हवाई सुंदरी नाही, शौचालय नाही, वैमानिक आणि उतारू यांच्यामध्ये पडदाही नाही. चढण्यापूर्वी प्रत्येकाचे वजन विचारले गेले आणि त्या हिशेबाने जागा नेमून देण्यात आल्या. आमच्यासारख्या पोट सुटलेल्या निवृत्त माणसाला वैमानिकाच्या शेजारची जागा मिळाली, हा त्या हिशेबाचाच प्रसाद. मागे एक शेतकरी दांपत्य होते, बेटाबेटांवरील शाळांत आळीपाळीने संगीत शिकवणाऱ्या एक शिक्षिका होत्या, आणि कर्कवॉलच्या रुग्णालयातून तपासणी करून घरी परतणारे एक वृद्ध गृहस्थ होते. हौशी प्रवासी आम्ही एकटेच. वेस्ट्रेला विमान टेकले, दोघे उतरले, इंजिने पुन्हा गुरगुरली, खाली हिरवट समुद्राची एक पट्टी सरकली आणि चष्मा पुसून होईपर्यंत पापा वेस्ट्रेची धावपट्टी समोर आली. खडीमातीची, जेमतेम अर्ध्या किलोमीटरची. आगीच्या बंबापाशी उभी असलेली माणसे बेटावरचीच होती. विमान गेले की ती आपापल्या शेतावर परतणार होती.

पापा वेस्ट्रेची लोकसंख्या नव्वदच्या आसपास आहे. सहा-साडेसहा किलोमीटर लांबीचे हे बेट इतिहासाने मात्र दरिद्री नाही. नॅप ऑफ हॉवर येथील दगडी घरे इसवी सनापूर्वी सुमारे ३७०० वर्षांची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी आहेत. बेटावर किराणा दुकान आहे, आणि ते, तसेच प्रवाशांसाठीचे वसतिगृह, बेटवासीयांची सहकारी संस्था चालवते. १९६५ साली स्थापन झालेल्या हायलँड्स अँड आयलंड्स विकास मंडळाने १९७७ पासून अशा गाव-सहकारी संस्थांना उत्तेजन दिले, ते आयर्लंडमधील गेलिक भाषिक भागांचा अनुभव पाहून. सहकार म्हटले की साखर कारखाना आणि त्याचा चेअरमन डोळ्यांपुढे येणाऱ्या आमच्यासारख्या महाराष्ट्रीय माणसाला नव्वद माणसांच्या सहकाराचे ते छोटे दुकान पाहून जरा संकोचच वाटला.

आता मुख्य प्रश्न. नव्वद माणसांसाठी विमान परवडते कसे? याचे सरळ उत्तर असे की, ते परवडत नाही. ते परवडावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. ऑर्कनीची निर्वाचित परिषद आधी ठरवते की अमुक बेटाला आठवड्यात इतक्या फेऱ्या हव्यात, भाडे अमुक मर्यादेत हवे. मग ती सेवा चालवण्यासाठी निविदा मागवते आणि तिकिटांच्या उत्पन्नातून न भागणारी रक्कम सार्वजनिक पैशातून देते. ‘सार्वजनिक सेवेचे बंधन’ या नावाने ही पद्धत युरोपीय कायद्यात आली, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही तेथे टिकली. कंत्राटाला मुदत असते, सेवेला नसते. एक कंत्राटदार गेला तर दुसरा येईल. विमान थांबणार नाही. आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म या एका भेदात आहे.

हा विचार काही आकाशातून पडला नाही. त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा सामाजिक इतिहास आहे. १९१२ साली ड्यूअर समितीने स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील आणि बेटांवरील वैद्यकीय सेवेची पाहणी केली. तेथील लोक इतके विखुरलेले व इतके गरीब होते की केवळ रुग्णांच्या फीवर डॉक्टरचे पोट भरणे अशक्य होते. बाजाराच्या नियमानुसार तेथे डॉक्टर राहणार नव्हता, आणि राहतही नव्हता. म्हणून १९१३ मध्ये सरकारी खर्चाने हायलँड्स अँड आयलंड्स वैद्यकीय सेवा सुरू झाली. ब्रिटनची सुप्रसिद्ध राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ सालची. म्हणजे बेटांवर ती पस्तीस वर्षे आधी पोहोचली होती. पुढे मे १९३३ मध्ये आयला बेटावरील एका आजारी कोळ्याला विमानाने ग्लासगोला नेण्यात आले आणि स्कॉटलंडमध्ये हवाई रुग्णवाहिकेचा आरंभ झाला.

त्याच महिन्यात कॅप्टन फ्रेसन या धाडसी वैमानिकाने इन्व्हरनेस ते कर्कवॉल अशी नियमित विमानसेवा सुरू केली. २९ मे १९३४ रोजी त्याच्या विमानाने टपाल नेण्यास आरंभ केला, आणि ते जादा आकार न घेता, साध्या टपालाच्या तिकिटावर. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. पत्र शेजारच्या गल्लीत जावो की समुद्रापलीकडच्या बेटावर, तिकीट एकच, हे तत्त्व ब्रिटनने १८४० साली स्वीकारले आणि आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्याच्या तिकिटाने आले. प्रत्येक पत्राचा प्रत्यक्ष खर्च काढून तो पत्र लिहिणाऱ्याकडून वसूल करावा असे कोणी म्हटले असते, तर मेळघाटातील माणसाला मनिऑर्डर कधीच मिळाली नसती. टपालाबाबत हे आपल्याला सहज पटते. माणसांच्या प्रवासाचा विषय निघाला की आपण लगेच ताळेबंद उघडून बसतो!

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याच घरातली आहे. युद्धानंतर ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे सरकार आले, हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९४७ साली फ्रेसनची कंपनी ब्रिटिश युरोपियन एअरवेज या सरकारी महामंडळात विलीन झाली. पुढच्याच वर्षी फ्रेसनला कामावरून कमी करण्यात आले. युद्धापूर्वी तो ऑर्कनीच्या ज्या उत्तरेकडील बेटांवर उतरत असे, ती सेवा सरकारी महामंडळाने पुन्हा सुरू केली नाही. ती सुरू व्हायला १९६७ उजाडावे लागले, आणि सुरू केली ती लोगनएअर या खासगी कंपनीने. लंडनमध्ये बसून मोठ्या मार्गांचा विचार करणाऱ्या महामंडळाला नव्वद माणसांचे बेट दिसले नाही. मालकी सरकारची झाली म्हणजे सेवा जनतेची झाली, असे आपण कित्येक दशके गृहीत धरून चाललो. ते गृहीतक अपुरे होते. मालक कोण, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की सेवेचे बंधन कोणावर आहे, ते लिहून ठेवले आहे काय, आणि ते मोडल्यास जाब विचारण्याचा अधिकार त्या बेटावरील माणसाला आहे काय.

तेवढाच महत्त्वाचा प्रश्न पैशाचा. १९७० च्या दशकात उत्तर समुद्रात तेल सापडले. ऑर्कनीच्या परिषदेने १९७४ साली संसदेकडून स्वतंत्र कायदा करून घेतला व बंदरांवरील अधिकार आपल्या हाती ठेवले. फ्लोट्टा बेटावर तेलाचे ठाणे झाले, तेव्हा जहाजांकडून मिळणारे उत्पन्न परिषदेने राखीव निधीत साठवले. बावीस हजारांच्या आसपास वस्तीचा हा जिल्हा तेल कंपन्यांशी बरोबरीच्या नात्याने बोलला. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर एकामागून एक प्रकल्प आले, जमिनी गेल्या, मच्छीमारांची बंदरे गेली. त्यातून एखाद्या जिल्हा परिषदेच्या हाती असा कायमचा निधी आला काय? वाचकांनी उत्तर आपापल्या अनुभवातून द्यावे.

या व्यवस्थेवर घेतले जाणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. दर प्रवाशामागे पडणारा सरकारी खर्च पाहता हा पैसा उधळलेला नाही काय? त्या लोकांना कर्कवॉलला घरे बांधून दिली तर ते स्वस्त पडणार नाही काय? असा प्रश्न विचारणारे अर्थशास्त्रज्ञ आमच्याही पिढीत होते. त्यांना ज्यूल द्यूप्युई या फ्रेंच अभियंत्याची आठवण करून द्यावीशी वाटते. सार्वजनिक बांधकामाची उपयुक्तता त्यापासून गोळा होणाऱ्या पथकराने मोजता येत नाही, हे त्याने १८४४ साली दाखवून दिले. पुलावरून जाणारा माणूस जो कर देतो त्याहून पुष्कळ अधिक मोल त्याच्या लेखी त्या पुलाचे असते, आणि ते मोल तिजोरीत कधीच दिसत नाही. पापा वेस्ट्रेच्या विमानाचे तिकीट खिडकीवर जे उत्पन्न जमा होते, त्यात फिरत्या शिक्षिकेमुळे चालू राहिलेली शाळा धरलेली नाही. शाळा आहे म्हणून बेट न सोडणारे तरुण कुटुंब त्यात नाही. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या एक कर्मचारी बँकेच्या कामासाठी या विमानांतून आठ हजारांहून अधिक वेळा बेटोबेटी गेल्या, तो हिशेबही त्यात नाही. बँक विमानात बसून खातेदाराकडे जाते, ही कल्पना आमच्या ग्रामीण बँकांच्या शाखा बंद होण्याच्या काळात मुद्दाम सांगण्यासारखी वाटते.

धुराचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पेट्रोलवर चालणारी ही इंजिने जुन्या घडणीची आहेत. २०२१ मध्ये कर्कवॉलवरून वीज आणि इंधन दोन्हींवर चालणाऱ्या विमानाची चाचणी झाली. इतक्या छोट्या अंतरांवरच विजेचे विमान प्रथम व्यवहार्य ठरेल असे जाणकार म्हणतात. ते व्हायचे तेव्हा होवो.

आता आपल्या देशाकडे वळू. लक्षद्वीपमध्ये दहा बेटांवर वस्ती आहे; २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांहून थोडी अधिक. म्हणजे ऑर्कनीच्या जवळजवळ तिप्पट. ऑर्कनीत कर्कवॉलखेरीज सहा बेटांवर धावपट्ट्या आहेत. लक्षद्वीपमध्ये अगत्ती येथे १९८८ साली एक धावपट्टी झाली, ‘वायुदूत’ची छोटी डॉर्नियर विमाने तेथे उतरू लागली, आणि पुढची तीन दशके उलटून गेली तरी दुसऱ्या बेटावर धावपट्टी झाली नाही. इतर बेटांवरील अत्यवस्थ रुग्णाला हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागते. मे २०२१ मध्ये तेथील प्रशासनाने, रुग्णाला हवाई मार्गाने हलवावे की नाही हे ठरवण्यासाठी चार जणांची समिती नेमण्याचा आदेश काढला. बेटावरच्या डॉक्टरने कागद पाठवायचे, समितीने पाहायचे, मग हेलिकॉप्टर! लोक संतापले ते उगाच नव्हे. १९३३ साली आयलाच्या कोळ्याबाबत कोणी समिती नेमली नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली, तेव्हा देशभर त्या बेटांच्या पर्यटनाची चर्चा उसळली, आणि त्याच वर्षी गोव्याहून अगत्तीला विमान सुरू झाले. पर्यटक यावेत, त्यात गैर काही नाही. पण कोणत्या बेटावरील गरोदर स्त्री किती तासांत रुग्णालयात पोहोचते, ही चर्चा त्या गदारोळात आम्हांस कोठे ऐकू आली नाही.

‘वायुदूत’ची स्थापना १९८१ ची. एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून छोट्या गावांसाठी काढलेली ही कंपनी तोट्यात रुतली आणि १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. मग २०१६-१७ मध्ये ‘उडान’ योजना आली. तिची रचना वरवर ऑर्कनीसारखी दिसते. निविदा आहेत, भाड्याला मर्यादा आहे, तुटीची भरपाई आहे. एप्रिल २०१७ मध्ये सिमला–दिल्ली मार्गावर तिचे पहिले उड्डाण झाले. सुमारे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, तेही विमानातील निम्म्या जागांपुरते. मोठ्या मार्गांवरील विमानांवर आकार बसवून निधी उभा करायचा, ही कल्पना तर आम्हांस मान्यच आहे. मुंबई–दिल्ली प्रवास करणाऱ्याने दुर्गम भागाचा भार उचलावा, यात समता आहे. परंतु भरपाई तीन वर्षांची. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायांवर उभा राहील, हे त्यामागील गृहीत. निकाल काय लागला? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांपैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली. आणि मार्च २०२३ पर्यंत, भरपाई संपल्यावरही टिकून राहिलेले मार्ग होते ५४.

सरकारी अनुदानाला अंगणवाडीतले मूल समजून, ‘तीन वर्षांनी चालायला शिक’ असे सांगण्याचा हा परिणाम आहे. काही मार्ग खरोखरच चालायला शिकतील. त्यांना आरंभीचा आधार द्यावा. पण काही मार्ग कधीच शिकणार नाहीत, कारण समुद्र तीन वर्षांत आटत नाही आणि बेट किनाऱ्याला येऊन लागत नाही. अशा ठिकाणी अनुदान हे बी-भांडवल नसून नागरिकत्वाचा खर्च आहे. अमेरिकेसारख्या बाजारपूजक देशानेही १९७८ साली विमानवाहतूक खुली करताना छोट्या गावांसाठी ‘अत्यावश्यक हवाई सेवा’ अनुदानासह राखून ठेवली. आपल्या २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘सुधारित उडान’ योजनेतून आणखी १२० ठिकाणे जोडण्याची घोषणा झाली. घोषणा ठिकाणांच्या संख्येची झाली. एखाद्या ठिकाणी सेवा किती वर्षे टिकेल याची हमी कोण देणार, हा प्रश्न संसदेत आपल्या मित्रांनी विचारावयास हवा होता. विमानाची वाण नाही. आपल्याच सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्तान एरोनॉटिक्स कानपूरला सतरा आसनी डॉर्नियर बनवते, आणि एप्रिल २०२२ मध्ये ते दिब्रुगड–पासीघाट मार्गावर प्रवासी घेऊन उडालेही.

हा विषय मागे एका अभ्यासवर्गात मांडला, तेव्हा सातारा जिल्ह्यातील एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, “सर, आमच्या वाडीला बारमाही रस्ता नाही आणि तुम्ही आम्हाला विमान सांगता!” सभागृह हसले. आम्हीही हसलो, पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तो ज्या भागातून आला होता, तेथे कोयनेच्या धरणाने शिवसागर जलाशय निर्माण केला आणि पलीकडची गावे लाँचवर अवलंबून राहिली. ती एक प्रकारे बेटेच आहेत, आपणच तयार केलेली. मुंबईच्या डोळ्यांसमोर असलेल्या घारापुरीला समुद्राखालून वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. म्हणून त्या कार्यकर्त्याला आमचे उत्तर असे होते की, विमानाचा आग्रह नाहीच. जेथे रस्ता होतो तेथे रस्ता, जेथे लाँच पुरते तेथे लाँच. समुद्र अडवतो तेथे विमान. साधन कोणते, हे भूगोल ठरवील. सेवा असावी की नाही, हे मात्र ताळेबंदाने ठरू नये.

वस्तुतः हे तत्त्व महाराष्ट्राने कधीच ओळखले होते. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढे ‘रस्ता तेथे एसटी’ हे ब्रीद झाले. पुणे–मुंबईच्या भरलेल्या गाड्यांनी आडगावच्या रिकाम्या गाड्या पोसल्या. रात्री गावात मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी पहाटे तालुक्याला निघे, म्हणून कॉलेजला जाऊ शकलेल्या मुली आमच्या वर्गात बसत असत. त्या गाडीचे उत्पन्न कधी डिझेलपुरतेही नसे. ती गाडी बंद करताना आगारात ‘भारमान कमी’ एवढेच लिहिले जाते. २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढील वृद्धांना मोफत आणि २०२३ मध्ये स्त्रियांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळाला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण निम्मे तिकीट गाडी आली तरच फाडता येते.

तेव्हा तालुका शाखांना आमची सूचना आहे. आपल्या तालुक्यातील ज्या फेऱ्या गेल्या पाच वर्षांत बंद झाल्या, त्यांची यादी येत्या दोन महिन्यांत तयार करावी. गाव, फेरीची वेळ, ती कधी बंद झाली, आणि त्या फेरीने कोण जात असे, हे लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो आगारात बसून भरता येणार नाही, त्यासाठी गावात जावे लागेल. लाँच आणि तरीच्या फेऱ्याही त्यात धराव्यात. याद्या आल्या की त्या याच पानावर, गावांच्या नावांसह, छापू.